उपकेंद्र आणि रुग्णालय यांच्या जागा एकत्रच ठरवा

संपादक महोदय,
स. न.

नवे आरोग्य उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय या तिन्ही पातळ्यांच्या जागा सातारा जिल्ह्याच्या डोंगरी तालुक्यांत एकाच आराखड्यात ठरायला हव्यात. लोकसंख्येचे निकष आहेतच : उपकेंद्राला सपाटीवर ५,००० आणि डोंगरात ३,०००, प्राथमिक केंद्राला ३०,००० आणि २०,०००, ग्रामीण रुग्णालयाला १,२०,००० आणि ८०,०००. यातून किती हवीत ते कळते, कुठे हवीत ते नाही. मग गायरान कुठे मोकळे आणि ठराव कुणाचा आधी, यावर जागा ठरते, ही पहिली चूक.

दुसरी चूक सरासरीची. समजा, एका घाटरस्त्यावर २,००० वस्तीचे गाव आहे, तिथून ६ किमीवर ५०० ची वाडी आणि १४ किमीवर आणखी ५०० ची. केंद्र मोठ्या गावात ठेवले तर माणशी सरासरी अंतर ३.३ किमी पडते, मधल्या वाडीत ठेवले तर ५.३. कागदावर मोठे गाव जिंकते आणि शेवटच्या वाडीला १४ किमी येतात. मधल्या वाडीत ठेवले असते तर ८ वर भागले असते. उपकेंद्रात लसीकरण, गरोदर मातांची तपासणी अशी वारंवार लागणारी कामे होतात. तिथे सर्वांत दूरच्या घराचे अंतर हाच निकष हवा. रुग्णालयाचे उलटे आहे. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठवण एका छताखाली लागते. प्रत्येक खोऱ्याला समाधान म्हणून ३० खाटांच्या तीन इमारती उभारल्या आणि तज्ज्ञ विखुरले, तर एकाही ठिकाणी शस्त्रक्रिया होत नाही. वरच्या पातळीला सरासरी चालते, खालच्या पातळीला चालत नाही.

पातळ्या सुट्या ठरवल्या की आणखी एक घोळ होतो. उपकेंद्र एका प्राथमिक केंद्राला जोडलेले, पण तिथली एसटी उतरते भलत्याच बाजारगावी. लसीची शीतपेटी खिंड ओलांडून एकीकडून येते, रुग्ण दुसरीकडे जातात आणि रुग्णाला पुढच्या दवाखान्यात पाठवणाऱ्या संदर्भचिठ्ठीचा मेळ कुठेच लागत नाही. तालुक्याची हद्द रुग्ण पाहत नाही, रस्ता पाहतो.

अंतरही पट्टीने मोजू नये. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावरचे बामणोली गाव आणि समोरचा काठ नकाशात हाताच्या अंतरावर दिसतात. मध्ये पाणी आहे आणि लाँच रात्री-अपरात्री मिळेलच असे नाही. प्रवासाचा वेळ मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा मोजावा. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा ‘बारमाही रस्ता’ या शब्दाला किती अर्थ उरतो ते सर्वांनी पाहिले. लोकसंख्याही २०११ च्या जनगणनेची आहे. मुंबईला गेलेली कुटुंबे गणपतीत आणि मे महिन्यात गावी येतात, ती त्यात धरलेली नसतात.

क्रम असा असावा : आधी शस्त्रक्रिया होऊ शकेल असे रुग्णालय एसटीच्या जंक्शनवर, मग त्या वाटेवर प्राथमिक केंद्रे, मग उपकेंद्रे वाड्यांकडून मोजत. वाडीला जागा जुळेना तर प्राथमिक केंद्र हलवून पुन्हा मांडावे. दोन-तीन फेऱ्या लागतात, एवढेच. जिल्हा नियोजन समितीसमोर आराखडा जाण्याआधी प्रत्येक वाडीपुढे तिन्ही पातळ्यांपर्यंतचा जुलैतला वेळ मिनिटांत लिहून तो तक्ता ग्रामसभेत वाचला जावा.

— नियोजन विषयाचे दोन अभ्यासक, सातारा