‘अजून नाही’ म्हणणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी माझी मुलगी अकरा महिन्यांनी पुन्हा कबड्डीच्या मॅटवर उतरली आणि पहिली चढाई करून सुखरूप परत आली. आपल्याला फोन करणार होते, पण बोलताना कंठ दाटून आला असता, म्हणून लिहीत आहे. आणि उघडपणे लिहीत आहे, कारण आमच्या हातून झालेल्या चुका खेळणाऱ्या मुलांच्या कितीतरी घरांत होत असतील.

चढाईवरून मागे फिरताना तिचा पाय मॅटवर रोवलेलाच राहिला आणि अंग वळले. कोणाचा धक्का लागला नव्हता, तरी गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला आणि दोन तासांत गुडघा टम्म सुजला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसले, एवढ्यावर आम्ही निर्धास्त झालो, हाडवैद्याकडून तीनदा चोळून घेतले आणि ती चालू लागताच बरी झाली असे समजलो. जिना उतरताना गुडघा निसटतो, असे ती सांगत होती. तो अशक्तपणा असेल, असे मीच तिला म्हणाले, याचे मला आजही वाईट वाटते.

आपण तिला निजवून गुडघा जरासा वाकवला, एका हाताने मांडी धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली, दुसऱ्या पायालाही तसेच करून दाखवले आणि तो फरक मला डोळ्यांनी दिसला. पुढे एमआरआयनेही तेच सांगितले: नडगीचे हाड पुढे सरकू न देणारा, सांध्याच्या आतला एसीएल हा अस्थिबंध पूर्ण तुटला होता. गुडघ्याच्या आतल्या कडेचा अस्थिबंधही थोडा ताणला होता, पण तो शस्त्रक्रियेविना भरून येतो आणि एसीएल सहसा येत नाही, कारण सांध्यातल्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही व तुटलेल्या टोकांना जुळायला आधारच मिळत नाही, हे आपण किती शांतपणे समजावलेत! शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागतेच असे नाही, मात्र क्षणाक्षणाला दिशा बदलणाऱ्या खेळात परतायचे असेल तर तिचा विचार करावा, हेही आपणच सांगितलेत. आणि सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत तीही लांबवायला लावलीत.

शस्त्रक्रियेत तिच्याच मांडीमागचा स्नायुबंध घेऊन नवा अस्थिबंध बसवला. घरी आल्यावर मी मायेने तिच्या गुडघ्याखाली उशी ठेवली होती. आपण ती काढून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवलीत आणि म्हणालात, “गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडला, तर तो सरळ करायला फार त्रास होईल.” ती उशी मी पुन्हा तिथे ठेवली नाही.

तिसऱ्या महिन्यात दुखणे थांबले होते आणि निवड चाचणी तोंडावर होती. तिला खेळू द्या, अशी गळ मी स्वतः आपल्याला घातली. आपण म्हणालात, “अजून नाही.” वेदना गेली तरी बसवलेला अस्थिबंध त्या काळात मूळच्यापेक्षा कमकुवत असतो आणि त्याला रक्तपुरवठा मिळून तो रुजायला अनेक महिने लागतात, असे सांगून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा दाखला दिलात: नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके लांबवावे, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटतो. मुलगी त्या रात्री जेवली नाही. आपण मात्र नऊ महिने उलटल्यावरही मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के होईपर्यंत आणि एका पायावरची उडी दोन्हीकडे सारखी पडेपर्यंत परवानगी दिली नाहीत. त्या नकाराबद्दल मी आपली सर्वांत जास्त ऋणी आहे.

समान खेळात मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा अधिक होते, असे आपण सांगितल्याचे मी प्रशिक्षकांच्या कानावर घातले. आता सरावाची पहिली पंधरा मिनिटे आपण शिकवलेल्या उड्यांची असतात. संघातल्या मुली ओळीने उडी मारून जमिनीवर येतात आणि माझी मुलगी समोर उकिडवी बसून प्रत्येकीचा गुडघा आत झुकतो का, ते पाहत असते.

आपली कृतज्ञ,
एका कबड्डीपटूची आई