चौथी रेकॉर्ड वाकडी आलीये, तिला ‘बोनस’ म्हणून सोडून देऊ नका

नमस्कार,

मे महिन्यात मी तुमच्याकडून पेव्हमेंट या अमेरिकन रॉक बँडच्या ‘टेरर ट्वायलाइट’ अल्बमचा चार एलपीचा, म्हणजे चार मोठ्या रेकॉर्डचा, सेट मागवला, तो ‘फेअरवेल हॉरिझॉन्टल’ नावाचा, आणि त्यातली चौथी रेकॉर्ड वाकलेली निघाली. थोडीथोडकी नाही, कडेला पापडासारखी लाट आलीये, टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, अख्खा वरखाली होतो आणि पहिल्या गाण्यात सुई उडते. फोटो आणि व्हिडिओ त्याच दिवशी पाठवले, आज २३ दिवस झाले.

तुमचा पहिला मेल आला की गाण्यांचा क्रम सीडीपेक्षा वेगळा आहे, हा दोष नाही. अहो पण मी क्रमाबद्दल काही बोललेच नव्हते! तो वेगळा आहे म्हणूनच तर मी एलपी घेतली. १९९९ मध्ये प्रोड्युसर नायजेल गॉडरिचने लावलेला क्रम बँडने घेतला नव्हता, तो २०२२ च्या या एलपीवर आलाय, म्हणजे अल्बम ‘प्लॅटफॉर्म ब्लूज’ने सुरू होतो, रेडिओहेड बँडच्या जॉनी ग्रीनवुडचा माउथऑर्गन सुरुवातीलाच ऐकू येतो, आणि इतकी वर्षं मी पहिलं म्हणून ऐकलेलं ‘स्पिट ऑन अ स्ट्रेंजर’ थेट शेवटी जातं. बँडचा हा शेवटचा अल्बम, त्यामुळे ते गाणं शेवटी आलं की खरंच निरोप घेतल्यासारखं वाटतं, मी त्या रात्री दोनदा ऐकलं.

मग दुसरा मेल, की मुख्य अल्बम नीट वाजतोय, चौथी रेकॉर्ड बोनस आहे, १० टक्के रिफंड घ्या. इथे मला खरंच वाईट वाटलं. मुख्य अल्बम माझ्याकडे कॉलेजपासून सीडीवर आहे, नुसता तोच हवा असता तर साडेदहा हजार कशाला घातले असते? या बँडच्या आधीच्या चारही अल्बमच्या वाढीव आवृत्त्या २००२ ते २००८ मध्ये आल्या आणि याच एकासाठी १४ वर्षं थांबावं लागलं. यात ४५ ट्रॅक आहेत, त्यातले २८ आधी कधीच बाहेर आले नव्हते, डेमो, तालमी, लाइव्ह, हे सगळं उरलेल्या रेकॉर्डवर आहे आणि सेट घेणारा माणूस त्याच्यासाठीच घेतो. रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानाला हे मी सांगायला लागावं?

तिसऱ्या मेलमध्ये तुम्ही म्हणालात की मी घरी उन्हात ठेवली असेल. पार्सल दुपारी आलं, मी तासाभरात उघडलं, व्हिडिओत शीलबंद प्लास्टिकपासून सगळं दिसतंय. तुमच्याच ट्रॅकिंगमध्ये लिहिलंय की ते चार दिवस भिवंडीच्या गोडाउनमध्ये पडून होतं, ऐन मे मध्ये, एका पातळ खोक्यात, आत पुठ्ठ्याचा आधार नाही, एक कोपरा चेपलेला. उष्णता आणि वरून वजन, व्हायनलची रेकॉर्ड वाकायला अजून काय लागतं. छापण्यात काही चूक नाहीये, बाकीच्या तीन एकदम सपाट आहेत आणि आवाज सुंदर आहे, चूक पॅकिंगची आहे.

मला पूर्ण सेट बदलून हवाय, डबल खोक्यात, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावून. स्टॉक नसेल तर पूर्ण पैसे परत द्या आणि पिकअप तुमच्या खर्चाने करा. १० टक्के मी घेणार नाही.

सेट जसा आला तसाच ठेवलाय. चौथी रेकॉर्ड पुस्तकांखाली दाबून सरळ करून बघ असं मित्र म्हणतायत, पण मी हात लावलेला नाही, तुमच्या माणसाने येऊन आधी ती बघावी. शनिवारी दिवसभर घरी आहे, पत्ता ऑर्डरवर आहेच.