रोहूच्या माद्या देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

प्रबंधात आभाराचं एकच पान. त्यात मार्गदर्शक, प्रयोगशाळा, फेलोशिप देणारे असे सगळे बसवताना तुमच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली. तेवढ्यावर भागवणं मला जमेना, म्हणून हे जाहीर पत्र.

अंडी सुटण्याच्या सुमारास रोहू माशाच्या अंडाशयात कोणती जनुकं जोरात चालतात, हे मला शोधायचं होतं, आणि त्यासाठीच्या माद्या तुमच्या हॅचरीतल्या. अंडं पिकणं वेगळं आणि सुटणं वेगळं. आधी अंड्यातलं केंद्रक कडेला सरकून विरतं, मग भोवतीचा पेशींचा पदर फाटून अंडं मोकळं होतं. झेब्राफिशमध्ये प्रोजेस्टिन हे संप्रेरक ओळखणाऱ्या ग्राहकाचं जनुक निकामी केलं, तर अंडी पिकतात पण पदरातच अडकून पडतात. हा पदर फाडण्याचा खेळ काही तासांचा. नमुना लवकर घेतला तर तो सुरूच झालेला नसतो, उशिरा घेतला तर आटोपलेला.

पुस्तकात ओव्हाप्रिम (अंडी सुटावीत म्हणून द्यायचं इंजेक्शन) टोचल्यानंतरचे ढोबळ तास मिळतात, आणि पाणी गार असलं की तेही लांबतात. तुम्ही मात्र मादीच्या पोटावरून हात फिरवून सांगायचात, ही थांबू द्या, ती घ्या. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकं पाहिली, तेव्हा एखाद-दुसरा अपवाद सोडता तुमचा हात बरोबर निघाला.

आणि दिवस कुठले, तर ऐन पावसाळ्याचे. जिऱ्यासाठी, म्हणजे माशांच्या इवल्या पिल्लांसाठी, गिऱ्हाईक दारात उभं. रोहूच्या मादीत किलोमागे 2 ते 3 लाख अंडी धरतात; वर्षानुवर्षं पोसलेल्या अशा माद्या तुम्ही मला कापायला दिल्यात. कोणती जनुकं चालू आहेत हे ज्यावरून कळतं तो आरएनए नासायच्या आत तुकडे द्रव नायट्रोजनमध्ये जायला हवेत, म्हणून भरपावसात बॅटरी धरून तुमचा पुतण्या उभा. चांगली गाभोळी तळायची सोडून नळीत भरतात, ही काकूंची थट्टा अजून आठवते. (खरं तर मलाही तेच वाटत होतं.)

जोरात चालणाऱ्या जनुकांच्या यादीत प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरकासारखं द्रव्य बनवणाऱ्या विकराचं जनुक आलं, पेशींभोवतीचं जाळं तोडणाऱ्या मेटॅलोप्रोटिनेज या विकरांचीही आली. मेटॅलोप्रोटिनेजचं हे काम जपानमध्ये मेडाका माशात आधीच दाखवलेलं आहे, त्यामुळे हायसं वाटलं. बाकीच्या नावांचा उलगडा व्हायचाय.

याचा हॅचरीला काय उपयोग, असं तुम्ही विचारलं होतंत. लगेच काही नाही. 1957 साली ओडिशात अंगुळला हिरालाल चौधरींनी मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्पची (रोहूच्याच कुळातल्या माशांची) वीण घडवली, तेव्हा यातलं एकही जनुक कुणाला ठाऊक नव्हतं. तुमचा धंदा आमच्यासाठी थांबलेला नाही. टोचूनही अंडी न सोडणाऱ्या माद्यांचं कोडं मात्र या वाटेने सुटेल असं मला वाटतं.

त्यासाठीच पुढच्या हंगामात पुन्हा येणार आहे. तशा अडलेल्या माद्या दिसल्या तर बाजूला ठेवा. आणि या खेपेला पैसे घ्यायचे, काकूंना मी आधीच सांगून ठेवलंय.

आपला,
नळ्यावाला