विनमेल.डॅट आणि आजीची वही

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई काल फोनवर म्हणाली, बाबा आठ दिवस कॉम्प्युटर लावतच नाहीत. म्हणतात, माझ्या हातून काहीतरी बिघडलं. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. बाबा, तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नाही. चूक माझ्याकडून झाली.

आजीच्या वहीची पानं मी ऑफिसच्या मेलवरून पाठवली. दादाला पीडीएफ नीट दिसली आणि तुमच्याकडे ‘विनमेल.डॅट’ नावाची फाइल आली. उघडली तर नुसती गिचमिड अक्षरं. त्याला दिसतं, मला दिसत नाही, म्हणजे दोष माझाच, असं तुम्हाला वाटलं असणार. पण दादा माझ्यासारखाच प्रोग्रॅम वापरतो. त्यात मजकूर ‘रिच टेक्स्ट’ प्रकारात लिहिला, की अक्षरांचे रंग, आकार आणि सोबतच्या फायली हे सगळं एका गाठोड्यात बांधलं जातं, आणि ती गाठ त्याच प्रोग्रॅमला नीट सोडवता येते. तुमचा प्रोग्रॅम वेगळा, म्हणून तुमच्यापुढे गाठोडंच आलं. वही आत शाबूत होती. व्हायरस वगैरे काही नव्हता.

खरं तर मेलला फायली कशा जोडायच्या याचा सगळ्यांसाठीचा नियम १९९२ सालीच ठरला. त्याला माइम म्हणतात. ईमेल मुळात साध्या इंग्रजी अक्षरांपुरता होता, म्हणून फोटो असो की पीडीएफ, तिची अक्षरं करून धाडतात (त्यात ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते) आणि पलीकडे पुन्हा फाइल होते. सोबत ‘ही पीडीएफ आहे’ अशी चिठ्ठी असते. माझ्या मेलवर चिठ्ठी होती ती गाठोड्याची.

आता मी प्रकार बदलून एचटीएमएल केलाय. आधी माझ्याच दुसऱ्या खात्यावर पाठवून बघितलं, मग आज सकाळी तुम्हाला पाठवलं. जुनी फाइल खुशाल पुसून टाका, आणि मशीन दुरुस्तीला मुळीच नेऊ नका.

आई, पान ९ वर अनारसे आहेत. ‘तांदूळ तीन दिवस भिजवणे’ एवढं वाचता येतं, पण गुळाच्या मापावर तुपाचा डाग पडलाय. आजी किती घ्यायची, तुझ्या हाताला आठवत असेल. बाबांना मेलवरच लिहायला सांग.

तुमची,
छोटी