अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर काय करायचं, हे कुणी शिकवतच नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

चालत्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर अडकून बसला आणि गाडी पळतच सुटली तर काय कराल असं ओळखीतल्या कुणालाही विचारून बघा, बहुतेक जण म्हणतात हँडब्रेक ओढायचा नाहीतर चावी काढायची. दोन्ही धोक्याचं आहे हो! वेगात हँडब्रेक खेचला की मागची चाकं लॉक होऊन गाडी गरकन फिरते, आणि चावी काढली तर स्टिअरिंगच लॉक होऊ शकतं.

करायचं एवढंच की ब्रेक एकदाच जोरात दाबायचा आणि दाबूनच धरायचा, गाडी न्यूट्रलला टाकायची (गिअरवाली असेल तर क्लच दाबून), बाजूला घेऊन थांबवायची आणि मग इंजिन बंद. न्यूट्रलला टाकल्यावर इंजिन जोरात ओरडतं, ओरडू दे, माणसापेक्षा इंजिन मोठं नाही. ब्रेक मात्र पंप करू नका, म्हणजे दाबून-सोडून परत परत दाबू नका, कारण पेट्रोल गाडीत थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा असताना ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम तयार होत नाही, ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेला असतो तो दोन-तीन वेळा दाबण्यातच संपतो आणि मग पेडल दगडासारखं घट्ट होतं.

2009 साली अमेरिकेत सॅन दिएगोजवळ एका लेक्सस गाडीत जाड रबरी मॅटमध्ये अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल अडकलं, गाडी चालवणारा स्वतः हायवे पोलिसातला अधिकारी होता तरी घरचे मिळून चौघं गेले. त्या गाडीला चावी नव्हती, बटण होतं, आणि चालत्या गाडीत इंजिन बंद करायला ते साधारण तीन सेकंद दाबून धरावं लागतं. आपल्याकडेही आता बटणवाल्या गाड्या भरपूर झाल्यात, हे कितीजणांना माहितीये?

आणि मॅटचं तर विचारूच नका, ॲक्सेसरीजच्या दुकानात कंपनीच्या मॅटवरच दुसरी जाड मॅट टाकून देतात, मॅट जागेवर धरणारं खालचं हुक तसंच रिकामं, मग ती हळूहळू पुढे सरकत पेडलला जाऊन टेकते. गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून पेडल हाताने तळापर्यंत दाबून सोडा, मॅटला अडतंय का लगेच कळतं. चालत्या गाडीत मात्र वाकून मॅट ओढायला जाऊ नका.

माझी कळकळीची विनंती आहे की ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी मोकळ्या मैदानात एकदा तरी हे करून घ्यावं, आणि आरटीओने लायसन्सच्या परीक्षेत यावर प्रश्न टाकावा.

आपला,
एक वाचक, चिंचवड