यवतेश्वरच्या वळणावर भेटलेल्या काकांस

काका, सा. न. वि. वि.

नाव विचारायचं राहिलंच, म्हणून हे उघड पत्र. सातारा हिल मॅरेथॉनवाले पळत चढतात त्या यवतेश्वर घाटात, कासच्या वाटेवर सायकल आडवी घालून हातात चेनच्या तेलाची बाटली धरलेली बाई म्हणजे मी. समर्थ मंदिरापासून पुढच्या चाकातून सर्र-सर्र सुरू होतं. आवाज आला की तेल, हे आमच्या घरचं शास्त्र. दाराची बिजागरी असो की शिलाई मशीन.

"ओ ताई, डिस्कवर तेल? मग खाली उतरायचं कसं?" म्हणत तुम्ही मोटारसायकल कडेला लावली. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती; तेल तिच्यावरून तिला दाबणाऱ्या पॅडमध्ये मुरतं आणि ब्रेक धरतच नाही, हे तेव्हा कळलं. परतीचा सगळा उतार डोळ्यांपुढे आला आणि बाटली गुपचूप पिशवीत गेली.

मला वाटलं, आता तुम्ही दुरुस्त करून द्याल. तुम्ही कठड्यावर बसलात आणि मलाच कामाला लावलंत! "नातवाच्या सायकलीला हेच आहे, त्यालाही मी करून देत नाही." आदल्या रात्री पंक्चर काढून चाक मीच बसवलं होतं, तेही सायकल उलटी करून. तुम्ही ब्रेककडे बघितलंच नाहीत, आधी चाक बघितलंत. ते खाचेत तिरकं बसलं होतं. सायकल उभी करून, हँडलवर भार देऊन क्विक रिलीज, म्हणजे चाक पकडून ठेवणारा खटका, पुन्हा आवळला आणि निम्मा आवाज तिथेच गेला.

मग कॅलिपर, म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजूंना पॅड धरणारा ब्रेकचा भाग. दोन वर्षं नुसती मिरवलेली माझी पान्यांची घडी पहिल्यांदा उघडली. ५ मिमीच्या ॲलन कीने दोन्ही बोल्ट जरासे सैल, ब्रेक घट्ट दाबून धरायचा आणि तसाच धरून बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. पहिल्यांदा मी एकच बोल्ट पुरता आवळला, कॅलिपर फिरला, पुन्हा सगळं पहिल्यापासून. तुम्ही हसला नाहीत. खिशातली पावती मागे धरून डिस्कच्या दोन्ही बाजूंना पांढरी फट दिसते का ते दाखवलंत. दिसली!

तरी फेऱ्यात एकदाच, एकाच जागी, बारीक 'सर्र' उरली. सलग घासलं तर कॅलिपर सरकलेला, एकाच जागी घासलं तर डिस्क वाकलेली, हा हिशेब तुमचाच. मी लगेच पाना उचलला, तर म्हणालात, "ऱ्हाऊ द्या की. घाईत सरळ करायला जाल अन् जास्त वाकवाल." बरं झालं थांबवलंत, माझा हात तसा जडच आहे.

त्यानंतर तीन रविवार त्याच वळणावर थांबले, पिशवीत तुमच्यासाठी कंदी पेढे. पहिले दोन रविवार ते घरी परत आले. तिसऱ्या रविवारी कासला जाणाऱ्या दोन पोरांची चेन पडली होती, त्यांना दिले. चेन मात्र त्यांनाच बसवायला लावली.

आपली,
तेलाच्या बाटलीवाली ताई