पक्या, तुझा हिरवा कुठे गेला ते सापडलं

प्रिय पक्या,

तू पाठवलेले कासचे फोटो रात्री नीट बघितले. तेरड्याचा गुलाबी त्यातल्या त्यात बरा आहे, पण गवत बघ ना, ऐन पावसाळ्यातलं गवत असं पिवळट मळकट असतं का कधी? आणि तू म्हणतोस एकेक फ्रेम उघडली की हिरवा मस्त दिसतो, तिन्ही एक्स्पोजर (त्याच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या तीन फ्रेम) मर्ज करून एक फोटो केला की मरतो. मग कॅमेरा विकायचा विचार आधी डोक्यातून काढ, त्याचा काही दोष नाहीये, मर्ज करताना फाइलचं कलर प्रोफाइल गळून पडलंय.

तू रॉमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून, टिफ फाइली काढल्या आहेस त्या अडोबी आरजीबी या रंगपद्धतीत. आता फाइलमधे नुसते आकडे असतात, कुठला आकडा म्हणजे नक्की कुठला हिरवा हे आयसीसी प्रोफाइलवरून ठरतं, आणि मर्जवाल्या सॉफ्टवेअरने नवीन फाइल लिहिताना ते सोबत दिलं नाही की पुढचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा सरळ एसआरजीबी, म्हणजे नेटवर सर्रास चालणारी रंगपद्धत, धरून चालतो. दोन्हीत लाल आणि निळा प्रायमरी (ज्यांच्या मिश्रणातून बाकीचे रंग बनतात तो मूळ रंग) एकच आहे, वेगळा आहे तो फक्त हिरवा, अडोबी आरजीबीतला बराच जास्त भडक, म्हणून सगळ्यात जास्त मार गवतालाच बसलाय.

टोनमॅप केलेली (मर्जनंतर उजेड स्क्रीनवर मावेल इतका दाबलेली) 16 बिट टिफ उघड आणि तिला अडोबी आरजीबी असाइन कर. कन्व्हर्ट नको हां!! असाइन केलं की आकडे तेच राहतात, फक्त त्यांचा अर्थ बदलतो, पण कन्व्हर्ट केलंस तर प्रोग्रॅम आधी त्यांना एसआरजीबी समजणार आणि त्या मेलेल्या हिरव्यालाच नवीन आकडे देऊन मोकळा होणार. एसआरजीबीत कन्व्हर्ट करायचं ते सगळ्यात शेवटी, नेटवर टाकायच्या कॉपीपुरतं.

मर्जमधून थेट निघणाऱ्या 32 बिटच्या फाइलला मात्र हे जसंच्या तसं लावू नकोस, तिच्यातला डेटा लिनियर असतो, म्हणजे आकडा उजेडाच्या सरळ प्रमाणात, आणि अडोबी आरजीबीत साधारण 2.2 चा गॅमा, म्हणजे उजेडाचे आकडे वाकवायचा घातांक, गृहीत आहे, उजेडाची पार वाट लागेल. ईएक्सआर या 32 बिटवाल्या फाइल प्रकारात तर प्रायमरी लिहायला क्रोमॅटिसिटीज म्हणून वेगळी जागाच आहे, ती रिकामी ठेवली तर रेक 709 (एचडी टीव्हीचं रंगांचं मानक) धरायचं असा नियम, आणि त्याचे प्रायमरी म्हणजे एसआरजीबीचेच, म्हणजे परत तेच रडगाणं.

एन्फ्यूज हा फ्रेम एकत्र करायचा प्रोग्रॅम पण वापरून बघ, मला तरी अशा लँडस्केपला तेच आवडतं, सगळ्या फ्रेमना एकच प्रोफाइल असेल तर ते आउटपुटमधे जसंच्या तसं येतं. फक्त रॉ काढताना तिन्हींचा व्हाइट बॅलन्स एकच ठेव, ऑटोवर सोडू नकोस, नाहीतर सावल्यांचा रंग एक आणि ढगांचा दुसराच.

ती झाकोळलेल्या आभाळाची फ्रेम मला खरंच खूप आवडलीये, तिचे तिन्ही रॉ ड्राइव्हवर टाक, मी पण एकदा करून बघतो.

तुझा,
सुन्या